आठवण काढायची वेळ

उचकी लागली की सोनाक्का पाणी पीत नसत. साखर नाही, श्वास रोखणं नाही, काही नाही. कुणी तांब्या पुढे केलाच तर तो हातानं बाजूला सारायच्या. "दारात पाव्हना आलाय अन् तू कडी लावतीस व्हय गं?" असं माझ्या बायकोला, सुमनला, त्या एकदा उचक्या देत देतच म्हणाल्या होत्या.

उचकी लागली म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एकेक नाव घ्यायचं, ज्या नावाला उचकी थांबेल तो आठवण काढणारा. आपण गमतीनं दोन-चार नावं घेतो आणि गुपचूप पाणी पितो. सोनाक्कांच्या लेखी ही गंमत नव्हती, तो रोजचा व्यवहार होता.

चिंचवड गावातल्या एका चाळीत अक्कांची आणि आमची खोली एकमेकींना लागून होती आणि मधली भिंत नावापुरतीच. मी पुण्याहून नव्यानं आलेलो, कंपनीत तपासणी खात्यात. अक्का चाकणच्या पुढच्या खेड्यातल्या. नवरा वारल्यावर मुलाजवळ, विष्णूजवळ, राहायला आल्या. विष्णू त्याच कंपनीत, पत्रा दाबायच्या प्रेसवर होता. संध्याकाळी पेपर उघडावा तर भिंतीपलीकडून सुरू व्हायचं :

"थोरला भाऊ... हिक्... न्हाई. खेडची मावशी... हिक्... तीबी न्हाई. त्यो यष्टीतला कंडक्टर, पाय मुरगळला तवा हात दिलता त्यानं... हिक्... छ्या, त्याला कुठली सवड!"

"अक्का, पंतप्रधानांचं नाव घेऊन बघा!" मी इकडून ओरडायचो.

"त्येंला कामं हायती. तुमच्यावानी रिकामी हायती का ती?"

एकदा उचकी थांबली ती नेमकी पारूबाईच्या नावाला. पारूबाई म्हणजे अक्कांची जाऊ. बांधावरच्या आंब्यावरून दोघींमधून विस्तव जात नव्हता. अक्का दुसऱ्या दिवशी सकाळी कुरडयांचं गाठोडं घेऊन एस.टी.नं गावाला गेल्या आणि संध्याकाळी हसत परत आल्या.

"काय म्हणाल्या जाऊबाई?" सुमननं विचारलं.

"म्हनली, मी तर त्या येळेला तुला शिव्या घालत हुते."

"मग?"

"घालंना का! नाव तर घेतलं न्हवं माझं? बाकी जगात कुनी घेतलं त्या दिवशी?"

त्या दिवसापासून दोघींचं जुळलं. आंबा मात्र कुणाचा ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

आता या व्यवहाराची दुसरी बाजू. दुसऱ्यानं आठवण काढली की आपल्याला उचकी, तर आपण काढली की दुसऱ्याला. इथवर कुणीही येईल. अक्का त्याच्या पुढे गेल्या होत्या. माणूस मशीनवर असताना त्याची आठवण काढायची नाही, हा त्यांचा कडक नियम. प्रेसवर हात आहे आणि नेमकी उचकी आली, तर बोटं जायची! म्हणून विष्णू कामावर असला की अक्का त्याचं नाव तोंडातूनच काय, मनातूनही हद्दपार करायच्या. मन वळायला लागलं की जोरजोरात भांडी घासायच्या. पातेली कशी आरशासारखी होती त्यांची!

हा नियम त्यांनी सगळ्या चाळीला लावला. सुमन एकदा भर सकाळी म्हणाली, "यांना दोडका आवडत नाही." झालं! अक्का धावतच आल्या.

"अगं सटवे, गप की! कामावर हाय न्हवं त्यो!"

मी संध्याकाळी बाजू मांडली. "अक्का, मी मशीनवर नसतो. माझ्या हातात मोजायचं यंत्र असतं. उचकीनं माझं काय बिघडणार?"

"वाकडा पीस पास करशीला की! मग त्यो ज्याच्या गाडीत बसंल त्याचं काय?"

चाळीतल्या बायका आधी हसल्या, मग हळूहळू नियम पाळायला लागल्या. कोण म्हणतं शिकलेली माणसं असल्या गोष्टी मानत नाहीत? सुमन मॅट्रिक पास होती. भोंगा होईपर्यंत नवऱ्यांबद्दल अवाक्षर नाही, आणि भोंगा वाजला रे वाजला की सगळ्या एकदम सुरू. त्या आठवणी काही फार गोड नसायच्या, पण वेळेवर असायच्या.

वर्षं गेली. अक्कांची पाठ वाकली, आणि उचक्याही कमी झाल्या. थोरला भाऊ गेला, खेडची मावशी गेली. महिना महिना भिंतीपलीकडून काही ऐकू येईना. मला, खरं सांगतो, चुकल्यासारखं व्हायचं. एकदा विचारलंच, "अक्का, हल्ली उचकी नाही?"

"काढनारी मानसं सरली बाबा. पर माझ्याकडनं चालू हाय की. लांबच्या मानसाला यष्टी लागती, आठवनीला काय लागतं?" आणि खरोखरच, चाळीतून लग्न होऊन गेलेल्या मुली, बदली होऊन गेलेली नर्स, तो कंडक्टर, सगळ्यांची त्या वेळ बघून आठवण काढायच्या. बसल्या जागी गावभर, मुलुखभर हिंडून यायच्या.

मग विष्णू वेल्डिंग शिकला आणि इराकला गेला. तेव्हा आमच्याकडची बरीच पोरं जात होती. तो गेला त्या रात्री अक्कांनी मला एकच विचारलं, "तिकडं आत्ता किती वाजलं?" अडीच तास मागे, म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरचं घड्याळ माझ्याकडून मागे करून घेतलं. आलागेला म्हणायचा, "अक्का, घड्याळ मागं पडलंय." "मागं न्हाई, लांब हाय," असं त्यांचं उत्तर ठरलेलं.

आणि तिकडे लढाई पेटली. विष्णूची पत्रं थांबली. एक महिना गेला, दोन गेले, दिवाळी गेली. त्याला तिकडे पाठवणाऱ्या कंत्राटदाराच्या ऑफिसला कुलूप. पोस्टमन आमच्या दारावरून मान खाली घालून जायला लागला. चाळ कुजबुजत होती, आणि मीसुद्धा मनातल्या मनात वाईट तेच धरून बसलो होतो.

अशात एका सकाळी पारूबाई गावाहून आल्या. उंबऱ्यातच बसून त्यांनी हंबरडा फोडला, "विष्ण्या रं! माझ्या लेकरा, कुठं गेलास रं विष्ण्या!"

अक्का आतून तीरासारख्या आल्या आणि त्यांनी जावेच्या तोंडावर हात ठेवला.

"गप. एकदम गप. त्यो डूटीवर हाय."

सुमननं अक्कांना जवळ घेतलं आणि हळूच म्हणाली, "अक्का, रडा हो जरा. अशा कोंडून नका घेऊ."

"रडते की मी. मालकासाठी रडते, भावासाठी रडते. त्यांची आठवन मी सकाळ-दुपार कवाबी काढते, त्येंला आता कुठली आलीया शिफ्ट?" अक्कांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "पर विष्णूची मी येळ बघूनच काढनार. कुनी मला त्याची आठवन कवाबी काढायला लावू नगा."

पारूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. संध्याकाळ उतरली, त्या मागे केलेल्या घड्याळात सुट्टीची वेळ झाली, तेव्हा अक्का उठल्या आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, "विष्णू." पारूबाई म्हणाल्या, सुमन म्हणाली, शेजारच्या बायका म्हणाल्या. माझा या प्रकारावर काडीचा विश्वास नव्हता. मीही म्हणालो, चांगला मोठ्यानं. त्यानंतर ते रोजचंच झालं.

संक्रांत उलटून गेल्यावर एका सकाळी विष्णू आला. काळवंडलेला, गालफडं बसलेली, हातात एक पिशवी. वाटेत कुठं कुठं अडकून, दुसऱ्या देशातून जहाजानं आला होता. चाळ गोळा झाली. अक्का रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. त्याला भिंतीशी बसवला, पाणी दिलं, चहा टाकला.

दहा वाजले असतील, आमच्या घड्याळात. मी रजा टाकून घरीच बसलो होतो. भिंतीपलीकडून अक्कांचा आवाज आला.

"विष्णू?"

"काय गं आई?"

"काय न्हाई."

जरा वेळानं पुन्हा, "विष्णू?"

"हाय की."

"असूदे, असूदे. बस."

भर सकाळी, कामाच्या वेळेला, उगीचच्या उगीच ती बाई मुलाचं नाव घेत होती. दुपारची जेवणं झाली तरी ते थांबलं नव्हतं, आणि तोही दर वेळी ओ देत होता.