सुभानराव सरनोबतांनीं दंड पुन्हां कमाविला ते हकिकत

श्रीकुलस्वामिनी समर्थ. शके सोळाशें नव्वद, सर्वधारी संवत्सरे, एका राज्यीं जें वर्तमान जाहलें तें जैसें कानीं आलें तैसें लिहितों, वाचणारांनीं गोड करून घ्यावें. त्या राज्याचे सरनोबत सुभानराव, मोठे शूर, महाराजांचे बाळपणचे स्नेही. चैत्रमासीं त्यांस विषमज्वर जाहला, आणि वैद्यांनीं जीव वांचविला, परंतु अंगावरील मांस झडलें, दंड काठीसारखे जाहले, आणि ढाल उचलितां हात कांपूं लागला. राज्याचा शिरस्ता ऐसा कीं, दसऱ्यास सरनोबतानें घोड्यावर बसोन जरीपटका एका हातीं उभा धरावा आणि वेशीपासून शमीवृक्षापावेतों न्यावा. निशाण लवलें तर सरनोबती दुसऱ्याकडे जावी. महाराज ममतेनें बोलले कीं, यंदा निशाण दुसरा कोणी धरील, तुम्हीं पालखींतून यावें. हें ऐकोन सुभानराव बहुत खिन्न जाहले आणि घरीं पत्नी सगुणाबाईंशींही धड बोलेनात.

मग दसऱ्यास निशाण आपणच धरूं म्हणोन इरेस पडोन तालमींत जाऊं लागले. पहाटे उपाशीपोटीं जोर-बैठका काढाव्या, सायंकाळीं पुन्हां मुद्गल फिरवावें, विसावा म्हणून घेऊं नये, आणि दिवसभर दरबार करून रात्रीं एकदांच भात जेवावा. त्यांत महाराजांच्या आयुष्यासाठीं सोमवार, गुरुवार आणि एकादशी ऐसे उपास धरिलेले. आषाढ आला तों अंग भरण्याऐवजीं आणखी उतरलें, आणि एके दिवशीं आखाड्यांतच भोंवळ येऊन पडले.

तालमीचे वस्ताद दौलतखान यांनीं तोंडावर पाणी मारून उठविलें आणि सांगितलें, "सरनोबत, मेहनतीनें अंग मोडतें, मग अन्नानें आणि झोपेनें भरून येतें. आपण नुसतें मोडीतच आहां." आणि तजवीज सांगितली कीं, मेहनत एक दिवसाआड करावी, आधीं थोडें खावें, मेहनत होतांच दूध आणि भिजविले हरभरे घ्यावे, दुपारीं मुगाचें घट्ट वरण, दहीं आणि अंडीं, रात्रीं श्रावण खेरीज करून बकऱ्याचें मांस, आणि एकदम न जेवितां दिवसांत वांटून जेवावें. सुभानरावांनीं सर्व मान्य केलें, परंतु उपास मोडणार नाहीं म्हणाले.

मग सगुणाबाई मेण्यांत बसोन महाराजांच्या वाड्यांत गेल्या आणि त्यांस सर्व निवेदन केलें. पुढल्या सोमवारीं भर दुपारीं महाराज वर्दी न देतां सरनोबतांच्या घरीं आले, पाटावर बसले आणि एकच ताट वाढविण्यास सांगितलें. मग विचारिलें, "सुभानराव, हे उपास कोणासाठीं?"

"स्वामींसाठीं."

"तर ते आम्हांस द्या. आमच्या आयुष्यासाठीं आम्हीच उपाशी राहूं. तुम्ही जेवा."

आणि स्वहस्तें घांस करून पुढें धरिला. सुभानरावांनीं मुजरा करून तो घांस घेतला, मग जेवले. महाराज त्या दिवशीं पाण्यावर राहिले.

पुढें सगुणाबाईंनीं जेवणाची एकही वेळ चुकूं दिली नाहीं. आरंभीं पोट जड होई तेव्हां वस्तादांनीं वाढणें कमी करविलें, मग हळूहळू वाढविलें, आणि तैसेंच मुद्गलही जड करीत गेले. विसाव्याचे दिवशीं सरनोबत अंगणांत येरझाऱ्या घालीत, कुरकुर करीत, परंतु तालमींत जात ना. भाद्रपद सरतां दंडावरची वाकी घट्ट बसूं लागली.

दसऱ्यास वारा मोठा सुटला. महाराजांची आज्ञा घेऊन सुभानरावांनीं जरीपटका उचलिला आणि फौज मागें चालूं लागली. निम्म्या वाटेवर वारा निशाण ओढूं लागला, वेशीवरून सगुणाबाई पाहत होत्या. सरनोबतांनीं दांत आवळिले, निशाण लवूं दिलें नाहीं, आणि तैसेच शमीपाशीं पोहोंचले. महाराज घोड्यावरून उतरले, सोनें हातीं दिलें आणि हळूच पुसिलें कीं, हात दुखतो काय.

"दुखतो, महाराज," सुभानराव बोलले. "बहुत बरें वाटतें."

ऐसी सरनोबती राहिली आणि उभयतांचा स्नेह वाढला. दुसरे दिवशीं तालीम बंद होती, सुभानराव ऊन अंगणांत येईतों निजले आणि त्यांस कोणीं उठविलें नाहीं. एवढें वर्तमान, लेखनसीमा.