दोन हजारांत गाव बाहेर

"आपल्या नेटवर्कमधी शिस्त म्हणजे शिस्त!" नितेशनं रविवारी सकाळीच अकोल्याच्या ऑफिसात जाहीर केलं. कंपनी छोटीशी, पण इंटरनेट पुरवणारी. त्याचा नियम असा: लाइन सारखी चालू-बंद होणाऱ्या गावाला प्रत्येक बंदमागे हजार दंडगुण, आणि दोन हजार ओलांडले की गाव तासभर नेटवर्कबाहेर!

शेजारच्या टेबलावरची रागिणी म्हणाली, "अरे, सहा हजारांपर्यंत थांबा, अशी जाणकारांची शिफारस हाये न. दोन हजारांत गरीब बिचारी गावंही सापडतात."

"शिफारशी भित्र्या लोकायसाठी असतात!" असं म्हणून नितेश भांग पाडायला लागला. अकरा वाजता व्हिडिओवर त्याला मुलगी पाहायची होती! हिवरखेडची दीपमाला. तिचे वडील भगवंतराव नितेशच्याच कंपनीकडून लाइन घेऊन अख्ख्या गावाला इंटरनेट देत, आणि गावाच्या इंटरनेटचं मशीन त्यांच्याच बैठकीत होतं.

अकराला दीपमाला पडद्यावर आली. नितेशनं लाजत विचारलं, "तुम्हाला काय आवडतं?" आणि पडदा काळा! पोरगी बोलेपर्यंत चटणी होऊन जाईल, म्हणून तिच्या आईनं, वच्छलाबाईंनी, मशीनचा प्लग काढून तिथे मिक्सर लावला होता. दीपमाला परत आली, "मला..." म्हणाली आणि वच्छलाबाईंना मीठ राहिल्याचं आठवलं. पुन्हा आली, तर जिरं! त्यानंतर गेली ती गेलीच.

नितेशनं घाईघाईनं भगवंतरावांना फोन लावला. "काका, मशीन एकदा बंद करून चालू करा."

"केलं."

"आणखी एकदा!"

"चारदा झालं न बाप्पा! दिवा हिरवागार हाये, पण नेट काई येऊन नाई राहिलं. अर्धं गाव दारात जमलं. सरपंच इचारते, आपलं हिवरखेड दुनियेत हाये का उठलं?"

नितेशला घाम फुटला. तेवढ्यात रागिणीनं त्याच्या स्क्रीनवर नजर टाकली आणि ओरडली, "सात हजार दंडगुण! अरे, तू सांगतो म्हणून ते बंद करून राहिले, अन् दर बंदले तुहंच मशीन हजार लावून राहिलं! गावाले तुनंच बाहेर काढलं!"

"हळू बोल! केबल तुटली म्हणून सांगतो मी त्यायले!"

"आमाले ऐकू येऊन राहिलं, नितेशराव," फोनमधून भगवंतराव म्हणाले.

नितेश खुर्चीत असा आक्रसला, जसा गरम तव्यावर पापड! रागिणीनं त्याला सरकवलं, मर्यादा सहा हजार केली आणि हिवरखेडचा सगळा दंड पुसला. मिनिटभरात दीपमाला पडद्यावर हजर!

नितेशनं कान पकडले. "माझंच चुकलं. मीच बंद केलं होतं."

"मंग चालू कोणं केलं?" दीपमालानं विचारलं.

"या रागिणीताईंनी."

दीपमालानं मान वाकडी करून त्याच्यामागे उभ्या रागिणीकडे नीट पाहिलं.

"ताई," ती म्हणाली, "तुमाले एखांदा भाऊ हाये का लग्नाचा?"