गाडी तिथवरच जाते

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत सर्जेराव एकदाही वाटेत उतरला नव्हता. एसटीत बसला की गाडीचा प्रवास जिथं संपेल तिथंच त्याचाही संपायचा. त्याच्या अलीकडं काम असो, पाहुणे असोत, लग्नाचा मांडव खिडकीतून दिसत असो, गाडी थांबवायची म्हणजे 'थांबवा' म्हणावं लागतं आणि तेवढं त्याच्याच्यानं होत नसे. शेवटच्या स्टॉपला सगळेच उतरतात. तिथं कुणाला काही सांगावं लागत नाही.

बरं, असा माणूस जन्मावा कुठं, तर आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत. आमच्याकडं कानात सांगायची गोष्टसुद्धा तालमीपर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं सांगतात. त्यातून याचे वडील आप्पा म्हणजे गल्लीतला सगळ्यात मोठा आवाज. त्यांनी हौसेनं पोराचं नाव ठेवलं सर्जेराव आणि सहाव्या वर्षी त्याला तालमीत नेऊन उभं केलं. वस्ताद म्हणाले, "काढ सदरा, नेस लंगोट." यानं सदऱ्याची उघडी असलेली वरची गुंडीसुद्धा लावून घेतली. आप्पा त्याला उचलून परत घेऊन आले आणि आठ दिवस तालमीवरून जायचं टाळत राहिले.

मी समोरच्या घरातली, त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. तो मला अक्का म्हणतो. त्याला शाळेत पोचवण्याचं काम माझ्याकडं होतं आणि हजेरीचंही. वर्गाच्या दारातून मी ओरडायची, "सर, सर्जा आलाय!" आणि मग माझ्या वर्गाकडं पळायची. निसर्गानं बोलण्याचं वाटप करताना काहीतरी गोंधळ केला असणार, कारण त्याच्या वाटणीचं सगळं माझ्याकडं आलं, असं आमच्या घरच्यांचं मत आहे. मला ते मान्य नाही, पण मी त्यावर तासभर बोलू शकते.

तर तो नऊ वर्षांचा असतानाची गोष्ट. मे महिन्यात त्याला आत्याकडं पाठवायचं ठरलं. आत्या म्हणजे आप्पांची सख्खी धाकटी बहीण. तिचं घर मुरगूडच्या अलीकडं, चिंचेच्या फाट्यावर, अगदी रस्त्याला लागून. नुकत्याच एका लग्नात आत्याला मानाचं लुगडं जरा हलकं गेलं होतं. ती काही बोलली नव्हती, पण गप्प गप्प होती. पोराला पाठवून ते सारवून घ्यावं, असा आप्पांचा डाव होता. आप्पांनी त्याला गाडीत बसवलं आणि बजावलं, "फाटा आला की म्हनायचं, थांबवा. काय म्हनायचं?" यानं मान डोलावली.

गाडी फाट्याजवळ आली. वाहकानं आपलं काम चोख केलं. "फाटा हाय का कोन, फाटा?" असं दोनदा विचारलं. सर्जेरावानं बोट वर केलं, पण ते गुडघ्यापर्यंतच. खिडकीतून आत्या दिसली. ती डोक्यावरचा पदर सावरत रस्त्याच्या कडेला उभी होती. तिनं हात केला. यानंही केला. गाडी पुढं गेली.

मुरगूडला तो बाकावर बसून राहिला. कुणीतरी चहा-बिस्कीट दिलं आणि परतीच्या गाडीत बसवून दिलं. पुन्हा फाटा आला. आत्या अजून तिथंच होती. याही वेळी तिनं हात केला आणि यानंही केला. संध्याकाळी स्वारी पेठेत हजर.

मग जे झालं ते आमच्याकडंच होऊ शकतं. आत्यानं पुरणाचा स्वयंपाक करून ठेवला होता. तिनं निरोप धाडला, "माझ्या दारावरनं पोरगं दोनदा नेलासा, उतरू दिलं न्हाय. एवढं वंगाळ झालं व्हय माझं घर?" आप्पांनी उलट निरोप धाडला, "माझं पोरगं दोनदा दारावरनं गेलं, उतरून घेता आलं न्हाय तुला?" लुगड्याचा विषय दोन्ही बाजूंनी निघाला. बोलणं बंद झालं. भाऊबीज बंद झाली.

खरं काय झालं ते सर्जेरावानं फक्त मला सांगितलं, तेही जिन्याखाली बसून. मी तडक आप्पांकडं गेले. आप्पा खवळले. "नऊ वर्साचं घोडं हाय, त्याला थांबवा म्हनता येत न्हाय? कुनी शिकवून धाडलं गं तुला, वैशे?" त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. माणसाला ओरडता येत नाही, ही गोष्ट शिवाजी पेठेत कुणालाच पटली नसती. पोराला समोर उभं करून विचारलं, तर त्यानं गुंडी लावून घेतली.

सर्जेराव मोठा झाला, मिसरूड फुटलं, पण तोंड काही फुटलं नाही. आप्पांनी त्याला उद्यमनगरातल्या एका पंपाच्या कारखान्यात चिकटवला. सुटे भाग पोत्यात घालायचे आणि गावोगावच्या दुकानांत पोचवायचे. सर्जेरावाला हे काम फार मानवलं, फक्त शेवटच्या स्टॉपच्या अलीकडचं दुकान असलं की तो पुढं जाऊन, पोतं पाठीवर घेऊन, मागं चालत यायचा. असा तो जिल्हाभर फिरला. चंदगडच्या धो धो पावसात शिरला, काजूच्या बागांतून चालला, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणाऱ्या बायकांशेजारी तासन्‌तास गप्प बसला. मी विचारायची, "एवढ्या लांब कशाला गेलतास रे?" त्याचं उत्तर ठरलेलं होतं.

"गाडी तितवरच जाती की, अक्का."

एकदा त्याला कारखान्यानं पुण्याला पाठवलं. रेल्वेनं. पाचव्या दिवशी परत आला. पुण्याला डब्याच्या दारात एक बाई बोचकं घेऊन बसली होती आणि तिला 'जरा सरका' कसं म्हणायचं, हा प्रश्न सुटेपर्यंत गाडी हलली. ती गाडी गोंदियाची होती. आप्पांनी सगळ्या गल्लीला ऐकवत विचारलं, "गोंदियाला काय ठेवलंतं तुझं?" सर्जेराव म्हणाला, "भात चांगला आसतो तिकडं." मला हसूही आलं आणि हेवाही वाटला. आयुष्यभर कंठशोष करून मी गेले कुठवर, तर पन्हाळ्यापर्यंत. हा न बोलता महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आला होता.

आणि एक गोष्ट त्यातून आपोआप झाली. उतरायचं नसल्यामुळं तो खिडकीतून बघत राहायचा. कुठल्या वाटेवर कुठला फाटा, कुठली वाडी, कुठं वडाखाली गाडी थांबते, सगळं त्याला पाठ झालं.

कोल्हापूरच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीतले पाटीलमामा त्याला तोंडओळखीनं ओळखायचे. एकदा एका म्हातारीनं कुठल्याशा वाडीची गाडी विचारली. ती वाडी पाटीलमामांनाही ठाऊक नव्हती. बाकावरून उठून सर्जेरावानं कागदाच्या कपट्यावर लिहून दिलं: गाडी कुठली, फलाट कुठला, उतरल्यावर उजव्या हाताला वळायचं. त्या दिवशी मामांचा घसा बसलेला होता. त्यांनी याला दंडाला धरून आत नेलं आणि माइकसमोर बसवलं. "बोल. हितनं कोन दिसत न्हाय."

सर्जेरावानं खाली बघितलं, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. त्याच्या पोटात आप्पांचा अख्खा आवाज इतकी वर्षं साठून होता, हे त्या दिवशी स्टँडला कळलं. भेळवाल्याचा हात हवेत थांबला, असं मामा सांगतात. मामांच्या सांगण्यात थोडं तिखट जास्त असतं, पण आवाजाचं खरं आहे.

पुढं त्यानं रीतसर परीक्षा दिली. तोंडी परीक्षेत साहेबांनी नाव विचारलं तेव्हा तो गप्प बसला. चंदगडच्या वाटेवरचे थांबे विचारले, तेव्हा कागलपासून सुरू झाला आणि साहेबांनी चहा मागवेपर्यंत थांबला नाही. नोकरी लागली, त्याच माइकसमोर.

आता स्टँडवर त्याला सगळे 'आवाज' म्हणतात. गर्दीत कुणी पोरगी वही छातीशी धरून खिडकीपुढं नुसतीच उभी राहिली, की हा आतून न विचारता एक चिठ्ठी सरकवतो. त्यावर ठळक अक्षरात 'मला इथं उतरवा' आणि खाली रिकामी जागा. असल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठाच तो बाळगून असतो. मी म्हटलं, "मग तूच का वापरत नाहीस?" तर म्हणाला, "चिठ्ठी द्याला वाहकाच्या खांद्याला हात लावाय लागतोय, अक्का." आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. मुरगूडच्या गाडीचे मोठे थांबे सांगून झाले की तो जरा थांबायचा आणि हळूच म्हणायचा, "आणि चिंचेचा फाटा." एवढ्याशा फाट्याचं नाव याआधी कुणी घेतलं नव्हतं.

गेल्या दिवाळीत आप्पांची तब्येत उतरली. गुडघे गेले, आवाज तेवढा राहिला. पाडव्याच्या संध्याकाळी कट्ट्यावर बसून एकदम म्हणाले, "उद्या भाऊबीज न्हवं?" आणि मग रस्त्याकडं बघत राहिले. पस्तीस वर्षांत त्यांनी ते नाव काढलं नव्हतं. सकाळी सर्जेराव माझ्या दारात उभा. "फाट्यावर जाऊन येतो." मागनं आप्पांचा आवाज आला, "वैशे, तू जा संगं! न्हायतर परत येतंय तसंच!" सर्जेरावानं मला एकच अट घातली. "आज तुमी गप बसायचं, अक्का."

गाडी भावांनी भरली होती. प्रत्येकाच्या मांडीवर साडीची पिशवी, सर्जेरावाच्याही. फाटा जवळ आला. मी पदर तोंडात धरला. सर्जेराव उभा राहिला आणि त्यानं सदऱ्याची वरची गुंडी लावून घेतली. चिंचेचं झाड आलं आणि गेलं. तो खाली बसला. पिशवी घट्ट धरून मुरगूडपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला.

मुरगूडला मी चहा घेतला आणि शब्दाला जागून एक अक्षर बोलले नाही. आयुष्यातला सर्वांत कठीण चहा होता तो. सर्जेराव पुटपुटला, "गाडी तितवरच..." पण वाक्य पुरं केलं नाही.

परतीच्या गाडीत तो बसलाच नाही. पुढं, वाहकाजवळ दांडा धरून उभा राहिला. डोळे मिटले. आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा त्या स्टँडवरच्या आवाजात म्हणाला,

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मुरगूडहून कोल्हापूरकडे जाणारी गाडी चिंचेच्या फाट्यावर थांबेल. सर्जेराव तेथे उतरणार आहेत."

वाहकानं मान वळवली. "आवो, तुमी स्टँडवरचं आवाज काय?" आणि घंटीची दोरी ओढली. एकदाच.

आत्या दारात तांदूळ निवडत बसली होती. केस पांढरे झालेले. तिनं याच्याकडं बघितलं, यानं तिच्याकडं. तिच्या सुनेनं पाणी आणून ठेवलं. मी पुन्हा पदर तोंडात धरला, अट ती अट.

शेवटी सर्जेराव म्हणाला, "आत्या, त्या येळला मला थांबवा म्हनता आलं न्हाय."

आत्यानं सूप खाली ठेवलं. "म्हाईत हाय मला."

"कसं?"

"डोळं दावाय कोल्लापूरला आलते तवा स्टँडवर तुझा आवाज ऐकला. बापावानी आवाज. फाट्याचं नाव घेतलंस. तीन गाड्या सोडल्या मी, ऐकत बसले. मग खिडकीपतूर आले. म्हटलं, हाक मारावी पोराला." ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. "मारता ईना. लई लाज वाटली रं. गाडीत बसल्यावर कळलं मला, तुझं बी त्या दिवशी आसंच झालं आसंल."

"मग निरोप का न्हाय धाडला आप्पास्नी?"

"कसं सांगू? कुनाच्या तोंडानं?"

मला रडू आवरेना. मी त्या दोघांना गेली पस्तीस वर्षं माझं तोंड उसनं दिलं असतं.

आत्यानं लुगडं बदललं, ताटात निरांजन, सुपारी आणि करदंटाच्या वड्या घेतल्या, वर कापड बांधलं आणि आप्पांना ओवाळायला आमच्याबरोबर निघाली. फाट्यावर गाडीला हात मात्र मलाच करावा लागला. सर्जेराव आणि आत्या शेजारी शेजारी बसले. ताट दोघांच्या मांड्यांवर अर्धं अर्धं. वाटेत एक शब्द बोलले नाहीत आणि दोघांचेही चेहरे अगदी सुखात होते. कागल मागं पडलं तेव्हा आत्यानं हळूच त्याच्या कानाशी विचारलं, "कोल्लापूर आलं की सांगाय लागतंय काय रं?"

"न्हाय," सर्जेराव म्हणाला. "गाडी तितवरच जाती."