उंबऱ्याबाहेरचे सोनवणेकाका

सोनवणेकाका कुणाच्याही घरात पाऊल टाकत नसत. माझ्या साखरपुड्याला ते दारातच ताट हातात घेऊन जेवले, आणि वाढणारे दोनदा त्यांच्यावर आदळले. सख्ख्या भावाकडेही तीच तऱ्हा. आम्ही एकाच वस्तीतले, एकाच विहारात मेणबत्ती लावणारे, तेव्हा जातीपातीची शंका नको. स्वतःच्या घरात तेवढे जात, तेही मला वाटतं नाइलाजाने.

नव्वदच्या आसपास अंबरनाथला विहाराच्या मागच्या खोलीत आमचं मोफत कायदा मदत केंद्र होतं. एक टेबल, एक टाइपरायटर, तो बडवणारी मी, आणि दर शनिवारी उल्हासनगरहून फुकट येणारे सिंधी वकीलसाहेब. काका कोर्टातून बेलीफ म्हणून निवृत्त झालेले. उभा जन्म नोटिसा बजावण्यात गेला, आता नोटिसा आलेल्यांसाठी पायपीट करायचे. चौकशी दारातूनच, तीही खणखणीत आवाजात. त्यामुळे प्रत्येकाचं प्रकरण अख्ख्या चाळीला पाठ. "आधी दार दाखवा, मग रडा," हे त्यांचं पालुपद. कडी कुठली, चौकट कधी रंगवली, सगळं विचारायचे. माझं तर डोकं उठायचं.

मोरिवलीच्या हिराबाईंचा नवरा कारखान्यात होता. तो गेला आणि चाळमालकाने खोली रिकामी करून मागायला दावा लावला. बाई कोर्टात गेल्याच नाहीत, निकाल एकतर्फी लागला. पंधरा दिवसांत खोली सोडायची होती. बाई म्हणत, मला नोटीसच मिळाली नाही. कोर्टाचा कागद म्हणत होता, दाराला चिकटवली. वकीलसाहेबांनीही हात टेकले.

काका निघाले, मी वही घेऊन मागे. ऊन मरणाचं. हिराबाई आत या म्हणून विनवत होत्या, हे आपले बाहेरच उभे. त्यांची चौकट न्याहाळून झाली, तिच्यावर खळीचा डागही नव्हता, मग सरकले शेजारच्या कुलूपबंद दाराकडे. तिथलं निवडणुकीचं जुनं पोस्टर नखाने हळूहळू सोललं. खाली हिराबाईंच्या नावाची नोटीस! चाळीतले नंबर खडूचे. पुसले की जो तो आठवेल तसे लिहायचा. नोटीस भलत्याच दाराला लागली होती.

निकाल रद्द झाला, दावा पुन्हा चालला, खोली बाईंकडेच राहिली. वकीलसाहेब काकांना म्हणाले, "साईं, तुम अंदर जाके बैठते ना, तो केस गया था."

शेवटचा निकाल लागला त्या संध्याकाळी हिराबाईंनी आम्हाला चहाला बोलावलं. काका बाहेरच. बाई चिडल्याच. माझ्या घरात काय वाईट आहे, म्हणाल्या.

काका स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणाले, "बाई, दोष घराचा नाही. कोर्टाचा हुकूम घेऊन मी ज्या ज्या घरात शिरलो, तिथली भांडीकुंडी रस्त्यावर आली. माझ्याच हातांनी काढलीत."

साखरपुड्याला त्यांना सगळ्यात जास्त मीच हसले होते.

हिराबाई आत गेल्या. पाण्याने भरलेला पितळी तांब्या आणला आणि उंबऱ्याबाहेर येऊन काकांच्या हातात दिला.

"मग हे एक भांडं आत आणा," त्या म्हणाल्या.

काकांनी चपला काढल्या. तांब्या दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि आत गेले.