मचाणावरचं काउंटर

नानासाहेबांनी कन्नडची सात एकर जमीन विकून औरंगाबादेत, उस्मानपुऱ्यात हॉटेल बांधलं, तेव्हा भावकीला वाटलं की माणूस सुधारला. माणूस होता तसाच होता, फक्त शहरात आला होता. जन्मभर ज्वारीच्या मचाणावर बसून त्यांनी पाखरांवर, वाटसरूंवर आणि सख्ख्या भावावर सारखीच नजर ठेवली होती. आता पाखरं नव्हती, पण टॉवेल होते, बादल्या होत्या आणि चाळीस नव्या उशा होत्या.

चांदपाशा मिस्त्रीनं काउंटर चांगलं केलं होतं. नानासाहेब त्यामागं बसले आणि दोन मिनिटांत उठले. दार दिसत होतं, पण जिना दिसत नव्हता. "चार फूट उचल," ते म्हणाले, "मचाणावानी."

"नानासाब, होटल में गिऱ्हाईक आते, चिड्या नै आते," चांदपाशानं सांगून पाहिलं.

"दोघांचं एकच असतं. नजर काढली की दाणा गेला."

काउंटर उचललं, मागं पाच पायऱ्या केल्या. जिना दिसू लागला, तर स्वयंपाकघराचं दार अडलं. म्हणून भिंतीला आरसा आला. आरशात दाराचा अर्धा भाग येई, उरलेल्या अर्ध्यातून काय काय जात असेल या विचारानं जेवण जाईना, म्हणून समोर दुसरा आरसा आला. कुंड्यांमागं माणूस लपू शकतो म्हणून कुंड्या गेल्या. सोफ्यांना पाठ करून कोणी बसू नये म्हणून सगळे सोफे काउंटरकडं तोंड करून एका ओळीत लावले.

नांदेडचं एक कुटुंब दारातून आत डोकावलं आणि कचेरी समजून परत गेलं. पडेगावचा एक म्हातारा मात्र आत आला, अर्धा तास सोफ्यावर बसला आणि आपली शेळी हरवल्याची तक्रार सांगून गेला. तीन आठवड्यांत आलेला माणूस तेवढाच.

लक्ष्मीबाईंनी मग नवऱ्याला स्पष्ट सांगितलं. जालन्याचे रामकिसनशेठ दर आठवड्याला वेरूळची यात्रा काढत, चाळीस माणसं उतरवायला त्यांना हॉटेल हवं होतं. मंगळवारी ते बघायला येणार होते. "त्यांनी हो म्हनलं तर ठीक, नाय तर कुलूप लावा अन् कन्नडला चला," त्या म्हणाल्या. सात एकर विकून भावापुढं परत जायचं म्हणजे नानासाहेबांना मरण होतं.

मंगळवारी नानासाहेब पहाटेपासून वर बसले. दहाच्या सुमाराला आरशात एक अनोळखी माणूस दिसला. तो जिन्यानं वर गेला आणि वरून नळ सोडल्याचे, खाटा हलवल्याचे, भिंती ठोकल्याचे आवाज येऊ लागले. नानासाहेबांनी राखणदार फकिराला खूण केली आणि त्या माणसाला न्हाणीघरात कोंडायला लावलं.

तेवढ्यात जवळूनच आवाज आला, "जरा ऐकता का?"

नानासाहेबांनी दोन्ही आरसे पाहिले, जिना पाहिला, दार पाहिलं. कोणीच नव्हतं. चोराचा साथीदारही आत शिरलाय अशी त्यांची खात्री झाली. ते काठी उचलणार, इतक्यात काउंटरच्या कडेवर एक हात आला आणि हातात कार्ड होतं. रामकिसनशेठ उंचीनं बेताचे होते आणि पाव तासापासून काउंटरच्या पायथ्याशी उभे होते.

"कोंडला तो कडूबा, माझा डायवर," ते म्हणाले. "नळाला पानी हाय का बघाया मीच धाडला व्हता."

कडूबाला सोडलं. पाणी चांगलं येतं, एवढं सांगून तो फुगून बाहेर बसकडं गेला.

शेठनी आरसे पाहिले, सोफ्यांची ओळ पाहिली. "येवढा पहारा म्हंजे इथं चोऱ्या लई व्हत असतील."

"आजवर एक टॉवेल गेला नाय," नानासाहेब खाली येत म्हणाले.

"गिऱ्हाईक आल्यावर सांगा."

शेठ दाराकडं वळले. लक्ष्मीबाईंनी चहा आणला म्हणून शेठ थांबले, आणि नानासाहेबांनी शेवटचं म्हणून हात जोडले. "शेठ, एकडाव वर बसून बघा. मग खुशाल जा."

कंटाळूनच शेठ पाच पायऱ्या चढले. कपातला एक घोट घेतला, आरशाकडं पाहिलं आणि कप खाली ठेवला. दुसऱ्या आरशात दाराबाहेरचा रस्ता दिसत होता. यात्रेकरूंना वेरूळला सोडून आलेली त्यांची बस रिकामी उभी होती, आणि कडूबा भाड्याचे पैसे खिशात घालत तिच्यात तीन परक्या माणसांना बोचक्यांसकट चढवत होता.

शेठनी आरसा थोडा डावीकडं वळवायला सांगितला. चौथा माणूस चढला. शेठच्या चेहऱ्यावर जे आलं, ते नानासाहेबांना ओळखीचं होतं.

पूर्ण हंगामाचा करार तिथंच झाला. लक्ष्मीबाईंनी देवापुढं साखर ठेवली. शेठची अट एकच होती. ज्या दिवशी त्यांची बस येईल, त्या दिवशी वरची खुर्ची त्यांची.

नानासाहेबांनी आनंदानं मान डोलावली आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच सोफ्यावर टेकले. मऊ होता. पाय पसरून त्यांनी डोळे मिटले, तोच वरून आवाज आला.

"नानासाहेब, जरा सरका. तुमच्यामागचा जिना दिसंना."