परबकाकांची मंडळी

परबकाका सकाळी उठले की आधी खिडकीतल्या बाटलीला विचारायचे, "काय मंडळी, भूक लागली?" चाळीत नवीन आलेल्याला वाटायचं, ह्यांचा स्क्रू ढिला आहे. आम्हा जुन्यांना तर खात्रीच होती.

बाटलीत तळाला नाल्यातला काळा गाळ आणि वर लालभडक पाणी. काका दहिसरच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला. गाळातले जंतू रंग खाऊन पाणी स्वच्छ करतात, हे त्यांना कुठल्याशा कॉलेजच्या मास्तरांनी सांगितलं, आणि एकट्या माणसाला एकदम केवढं कुटुंब मिळालं! त्या जंतूंना गुळाचं पाणी काय, पेज काय! चार-पाच दिवसांत पाणी खरंच निवळायचं. मग काका ती बाटली चाळभर मिरवायचे. कौतुक मात्र नाकाला पदर लावूनच करावं लागे, बाई!

"सोळा वर्षं मीच ह्यो रंग नाल्यात सोडतंय गो सुमन," मला म्हणायचे. "आता मीच निस्तरतलंय."

शेवटी कारखान्याचे शेठ कबूल झाले. सोमवारी बाटली दाखव, पाणी निवळलं असेल तर आवारात टाकी बांधू. नेमका त्याच आठवड्यात शिमगा. गावची पालखी दाराशी येणार आणि घराला कुलूप? कोकणी माणूस हे होऊ देईल होय! ताजा रंग भरलेली बाटली माझ्या हवाली करून काका निघाले. "लक्ष ठेव हां," एवढंच म्हणाले.

मी बघते तर बूच घट्ट! गुदमरतील की मेले! मी बूच काढून ठेवलं, वर सकाळ-संध्याकाळ चमच्याने ढवळलं. तेवढंच पुण्य.

रविवारी काका आले. पाणी तसंच लाल.

"बूच काढलंस?"

"मग? वारा नको त्यांना?"

"वारो लागलो तर रंग खाणत नाय गो ते! मीच सांगूक इसारलंय."

सोमवारी शेठ बाटली बघून हसले आणि विषय संपला. काका परतले तेव्हा मी दारातच रडायला लागले. माझ्या मेलीच्या शहाणपणाने त्यांच्या टाकीची वाट लावली होती.

काका उंबऱ्यावर टेकले. "रडा नको. शेठाक परत इचारीन. पण बाय, माझ्या घरातला कोण गुदमरता काय, ह्या आजपावत कोणी बघूक नाय."

दुसऱ्या दिवशी नवी बाटली भरून त्यांनी माझ्याच खिडकीत ठेवली. "हयच ऱ्हवांदे. मी रोज बघूक येईन." मग खाली बघत हळूच, "चलात मां तुका?"

"विचारताय काय!" मी दरडावलं. "आणि जेवल्याशिवाय जायचं नाही."