विजेचा फळा फत्ते झाला त्याची हकीकत

सातवी अ वर्गाच्या मॉनिटरबाई यांनी आज्ञा केली जे, फळ्याची मोहीम कैसी जाहली, कोण लढले, कोण निजले, हे साद्यंत लिहून ठेवावे, नाहीतर पुढील साली येणारी सातवी म्हणेल की फळा भिंतीवर आपोआप उगवला. त्यावरून जैसे घडले तैसे लिहितो. तिखटमीठ लाविले असेल ते चवीपुरते.

विज्ञानाचे सर, खडूचे धनी, बावीस वर्षे सातवीच्या मुलखावर अंमल करीत होते. कीर्ती मोठी, परंतु चित्रकलेत हात बेताचा. दर साली हृदयाचा धडा येई, आणि सर खडूने हृदय काढीत, आणि दर साली त्याचा हुबेहूब बटाटा होई. एके साली निम्म्या वर्गाने परीक्षेत लिहिले की हृदय जमिनीखाली वाढते. तो पेपर तपासता सरांच्या काळजाचे पाणी जाहले. मग त्यांनी मनी धरिले की, निवृत्त होण्यापूर्वी एकवार तरी मुलांस चालते, धडधडते हृदय दाखवावे. बटाटा आता पुरे.

अशात शाळेत विजेचा फळा नग एक दाखल जाहला. बोट लाविताच चित्रे हलत आणि आवाज उठे, ऐसा करामती. त्याजवर सातवी ब च्या भूगोलबाईंनीही दावा सांगितला, आणि त्यांजपाशी ज्वालामुखी तयार होता. तेव्हा हुजूर हेडसरांनी फर्मान काढिले की, सोमवारी दहा पंचावन्न ते अकरा पस्तीस विज्ञानाचा तास आम्ही खासे मागल्या बाकावर बसून पाहू. चाळीस मिनिटे फळा अखंड चालला तर सातवी अ कडे कायम, मध्येच बंद पडला तर ब कडे रवाना, रडारड चालणार नाही.

सरंजाम तमाम जमला, परंतु घरभेदी निघाली ती किटली. विज्ञानाचा वर्ग आणि शेजारची स्टाफरूम, दोहोंकडील प्लग एकाच वायरीचे ताबेदार. आणि फळा चालू असता स्टाफरूमची विजेची किटली लाविली की खटका पडून किटली आणि फळा दोन्ही गार. किटलीच्या सर्वाधिकारी शिपाईमावशी. बावीस वर्षांचा रिवाज ऐसा की, सव्वाअकराच्या ठोक्याला सरांनी शिकविता शिकविता खिडकीकडे पाहून एक बोट वर करावे, आणि व्हरांड्यात बसल्या मावशींनी ते पाहून सरांपुरता एक चहा टाकावा. म्हणोन सर खुद्द वकिलीस गेले.

मावशी म्हणाल्या, "तुमच्या तासाला मी किटलीला हात लावायची नाही, सर. पण तुम्हीच मागितलात तर?"

"मी कशाला मागेन, मावशी? मला काय कळत नाही?"

मावशींनी मान डोलाविली आणि तह जाहला.

सोमवारी हेडसरांची स्वारी मागल्या बाकावर मुक्काम करून बसली. सरांनी फळ्यास बोट लाविले आणि हृदय प्रकट जाहले, लालबुंद, चार कप्प्यांचे, आणि धड्-धड् ऐसा नाद सुटला, आणि चाळीस मुले श्वास रोखून पाहती जाहली. हेडसरांस त्या नादाने दहा मिनिटांत गाढ झोप लागली. त्यांची प्रकृतीच ऐसी, की कलकलाटात घोरावे आणि शाळेत कोठे शांतता पडली की दचकून उठावे, आता काय मोडले म्हणोन.

सर रंगात आले. आणि सव्वाअकरा वाजले. आणि सरांचे बोट, धन्याची परवानगी न घेता, बावीस वर्षांच्या इमानाने वर गेले. मावशी मनी म्हणाल्या, हेच म्हणत होते मी, आणि किटली लाविली. खटका पडला. फळा काळा जाहला. नाद थांबला.

पंखा निराळ्या वायरीवरचा, तो फिरत राहिला. परंतु हेडसरांची उजवी भुवई हलली. सरांस तर घाम फुटला. आपलेच दात नि आपलेच ओठ, दोष द्यावा कोणास?

इतुक्यात मॉनिटरबाईंनी मूठ उचलोन बाकावर हाणिली. धड्. शेजारणीने हाणिली. धड्. मग मागील फळी मिळाली, मग खिडकीकडील, आणि चाळीस मुठींनी हृदय चालविले. बडबड्या म्हणोन एक मोहरा उतावीळ, तो शर्यतीच्या घोड्यागत बडवू लागला, तेव्हा हेडसरांचा एक डोळा किलकिला जाहला.

"अरे, मिनिटाला बहात्तर!" मॉनिटरबाई दात-ओठ खाऊन कुजबुजल्या. "सरांनी आत्ताच सांगितलंय ना?"

बडबड्या लायनीवर आला. डोळा मिटला.

ते पाहून सरांस हुरूप आला. त्यांनी जुना खडू उचलिला, जुन्या काळ्या फळ्यावर हृदय काढिले, पुन्हा बटाटाच निघाला, परंतु प्रत्येक ठोक्यास एकेक बाण काढून रक्त या कप्प्यातून त्या कप्प्यात नेले, आणि मुलांनी नुकतेच खरे हलताना पाहिले असल्याकारणे तमाम वर्गास तो बटाटा धडधडता दिसला. तिकडे मावशी खुर्चीवर चढल्या, झाडूच्या दांड्याने खटका वर केला, आणि किटलीचा प्लग उपटोन पदरात बांधिला. नऊ मिनिटांनी विजेचे हृदय पुन्हा सुरू जाहले. मुलांनी त्याच्या ठोक्यात ठोका मिळवून हळूच मुठी आवरिल्या. घंटा जाहली, हेडसर उठले, घड्याळ पाहिले आणि फळा अ कडे कायम ऐसे लिहून सही केली.

सर सरळ माणूस, फुकटची फत्ते पचेना. ते म्हणाले, "हेडसर, खरं सांगतो, मध्ये नऊ मिनिटं फळा बंद होता."

"काहीतरीच काय! मी स्वतः ऐकत होतो. एक ठोका चुकला नाही."

सरांनी वर्गाकडे पाहिले. चाळीस जण लाल झालेल्या मुठी बाकाखाली चोळीत होते. सरांस वाटले की फळा येवो न येवो, आपले हृदय यांस पोचले. मग मावशींनी चहा आणिला. पाणी धड तापले नव्हते. सर तो कोमट चहा थेंबही न ठेविता प्याले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. मावशींशी नवा तह ठरला की चहा तास संपल्यावर, अकरा पस्तीसला, आणि सरांच्या बोटावर वर्गाची चौकी. मंगळवारी सव्वाअकराला बोट पुन्हा वर निघाले. चाळीस कंठांतून एकच गर्जना उठली, "सर, बोट!"

बोट खाली आले. फळा चालू राहिला.